विंचवाचं बिऱ्हाड

मराठी आत्मचरित्रांतलं बालपण हा जरा जपून वाचायचा प्रकार आहे. घर गळकं असतं, वडील कडक असतात, आई सोशीक असते आणि लेखक कंदिलाच्या उजेडात अभ्यास करत असतो. खोडी येते ती दोन-तीन प्रकरणं उलटल्यावर, आणि आली की तिच्या मागोमाग पश्चात्ताप हजर. कैऱ्या पाडल्या की रात्री झोप लागत नाही. खिशातली आणेली लांबवली की ताप येतो. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात बसून लिहिलेल्या 'श्यामची आई'त श्याम पोहायला जायचं टाळण्यासाठी माळ्यावर लपतो, तेव्हा आई शिंपटी घेऊन त्याला फोडून काढते आणि विहिरीवर पाठवते. आमच्या पिढ्या ते वाचून रडल्या. रडताना एवढं मनात पक्कं बसलं की खोडी मुलाने करायची असते आणि शिंपटी आईने शोधायची असते.

हे सगळं पचवलेल्या वाचकाच्या हाती जेराल्ड डरेल यांचं 'माय फॅमिली अँड अदर अ‍ॅनिमल्स' पडतं तेव्हा तो काही काळ भांबावतो. पहिली शंभर पानं आपण वाट बघत राहतो, की आता याला कोणी तरी धरून बदडेल. कोणी बदडत नाही. पुढची शंभर पानंही तेच. शेवटी लक्षात येतं, की या पुस्तकात शिंपटीच नाही.

गोष्ट १९३५ ची. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर बोर्नमथला एक विधवा बाई चार मुलांसह राहते आहे. ऑगस्ट असूनही पाऊस आणि धुकं, सगळ्यांची नाकं चोंदलेली, दुसऱ्या मुलाचे कान दुखताहेत, मुलीच्या चेहऱ्यावर मुरमं. थोरला लॅरी, वय तेवीस, घोषणा करतो की ही हवा माणसांची नाही, आपण ग्रीसला जाऊ. आणि ही बाई घर विकून खरोखरच ग्रीसच्या कॉर्फू बेटावर जाते! आपल्याकडे गावाला जायचं तर दूधवाल्याला सांगण्यापासून गॅस बंद केला का हे तीनदा बघण्यापर्यंत पंधरवडा जातो.

सामान काय घेतलं ते डरेल तपशिलात सांगतात. थोरल्याच्या दोन ट्रंका भरून पुस्तकं आणि एका छोट्याशा बॅगेत कपडे. दुसऱ्या मुलाच्या, लेस्लीच्या, सामानात बंदुका-पिस्तुलं. मार्गोकडे झिरझिरीत कपडे, बारीक होण्याची पुस्तकं आणि मुरमांवरच्या औषधांच्या बाटल्या. आईच्या ट्रंकेत स्वयंपाकाची आणि बागकामाची पुस्तकं. आणि दहा वर्षांचा धाकटा जेरी, म्हणजे लेखक स्वतः? प्राण्यांवरची चार पुस्तकं, फुलपाखरं पकडायचं जाळं, रॉजर नावाचा कुत्रा आणि जॅमच्या बरणीत भरलेले सुरवंट. घरातल्या प्रत्येकाची कुंडली या एका परिच्छेदात मांडून झालेली आहे. पुढची चार वर्षं, म्हणजे १९३९ पर्यंत, हे लोक त्या बेटावर या बंगल्यातून त्या बंगल्यात हलत राहतात. आधी गुलाबी बंगला, मग पिवळा, मग पांढरा. दर वेळी जेरीचं प्राणिसंग्रहालय थोडं वाढलेलं: कासव, घुबड, कबूतर, मांटिस, पाणसाप, दोन आचरट मॅगपाय पक्षी.

आता विंचवाकडे येऊ. या पुस्तकाचं नाव काढलं की वाचलेला माणूस आधी हसतो आणि मग म्हणतो, "ती काडेपेटी!"

बागेच्या पडक्या भिंतीत जेरीला एक विंचवीण सापडते. तिच्या पाठीवर पांढरी, इवली पिल्लं चिकटलेली. आपण 'विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर' म्हणतो ते अगदी अक्षरशः. पोरगा हरखतो. पिल्लं मोठी होताना बघायची म्हणून सगळं कुटुंब हळूच काडेपेटीत भरून घरी आणतो. दारात पाऊल टाकतो तोच जेवायची हाक येते. पाहुण्यांना हवा मिळावी म्हणून काडेपेटी दिवाणखान्यात नीट ठेवून हा जेवायला बसतो आणि विसरून जातो. जेवण झाल्यावर लॅरी, तोंडाचा पट्टा चालू ठेवून, सिगारेट ओठांत धरतो आणि तीच पेटी उघडतो.

पुढे दीड-दोन पानं जो गोंधळ आहे तो सांगण्यात अर्थ नाही, वाचलाच पाहिजे. तरी थोडक्यात: विंचवीण लॅरीच्या हातावर चढते, तो किंचाळून हात झटकतो, ती टेबलावर पडून धावत सुटते आणि पिल्लं ताटल्यांमधून उधळली जातात. लेस्ली तिला नॅपकिनने मार्गोकडे फटकारतो. मार्गो पाण्याचा ग्लास भिरकावते. नेम चुकतो आणि सगळं पाणी आईच्या अंगावर. आई बिचारी तोवर चष्मा लावून नेमकं झालंय काय ते शोधत असते. रॉजर कुत्र्याला वाटतं कुटुंबावर हल्ला झालाय. खोलीत परकी अशी एकच, ती म्हणजे मोलकरीण लुगारेत्झिया, म्हणून तो इमानाने तिच्याच घोट्याला चावतो.

लेस्लीचं म्हणणं, सगळी पिल्लं मारून टाका. जेरी काकुळतीला येतो. आणि ओलीचिंब, थंड पाण्याने धाप लागलेली आई कोणाची बाजू घेते? विंचवांची. घरचे दिवाणखान्यात निघून जातात आणि पोरगा अर्धा तास चमच्याने एकेक पिल्लू गोळा करून विंचविणीच्या पाठीवर बसवतो, बशीत घालून त्यांना भिंतीपाशी पोचवतो आणि शहाणपणाने संध्याकाळपर्यंत डोंगरावर पसार होतो. या प्रकरणाची शिक्षा काय, तर पोरगा फार मोकाट सुटलाय, त्याला काही तरी शिकवलं पाहिजे असं ठरतं आणि त्याच्या गळ्यात फ्रेंचची शिकवणी पडते. बस्स.

आपल्याकडे विंचू दिसला की चप्पल आधी आणि चौकशी नंतर. त्यात चूकही नाही. कोकणात काय किंवा देशावर काय, विंचू ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नव्हे. आपला लाल विंचू जीव घेऊ शकतो, आणि महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचा त्यावरच्या उपचारांचा अभ्यास जगाने नावाजला आहे. तेव्हा पुस्तक वाचून उत्साहाने भिंती उकरायला जाऊ नये. पण काडेपेटी मात्र आपल्याही लहानपणात होती. आमच्या गावी पावसाळ्यात बाभळीवर सोनपाखरं यायची. हिरव्यागार, सोनेरी झाक मारणाऱ्या पाठीची. ती पकडून काडेपेटीत बाभळीच्या कोवळ्या पाल्यावर ठेवायची आणि शाळेत न्यायची. वर्गात पेटी कानाशी धरली की आतून खुरखुर ऐकू येई. पिवळट दाण्यासारखं अंडं दिसलं की त्या मुलाचा भाव एकदम वधारे. दप्तर उचलायला दोन गडी आपणहून पुढे होत. वहीत मोरपीस ठेवून त्याला खडूची पूड खाऊ घालणारे आणि ते पिल्लू देण्याची वाट बघणारेही आमच्यात होते. म्हणजे कल्पनाशक्तीचा दुष्काळ मराठी बालपणात कधीच नव्हता. फक्त आत्मचरित्र लिहायला बसलं की आपले लेखक सोनपाखरू वगळतात आणि फी भरायला पैसे नव्हते ते ठेवतात. फीचं दुःख खरंच असतं, त्याबद्दल बोलायचं नाही. पण सोनपाखरूही खरंच होतं की.

जेरीच्या शिकवण्या हा पुस्तकातला दुसरा खजिना. पहिला शिक्षक जॉर्ज, भावाचा मित्र. पोराचं गणितात लक्ष लागत नाही म्हटल्यावर तो गणितात प्राणी घालतो; इतिहासात हॅनिबलच्या स्वारीपेक्षा त्याच्या हत्तींची नावं महत्त्वाची ठरतात; भूगोलाच्या नकाशात देशांच्या सीमा पुसट आणि तिथली जनावरं ठळक. आपल्याकडच्या कुठल्याही शाळा तपासनिसाने हे पाहिलं असतं तर जॉर्जला कारणे दाखवा नोटीस गेली असती. पण हा मुलगा पुढे जन्मभर नकाशाकडे त्याच नजरेने पाहत आला हेही खरं.

मग येतो क्रालेफ्स्की. कुबडा, ठेंगणा, घरात पक्ष्यांची खोली बाळगणारा, अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या आईची सेवा करणारा. अभ्यास कंटाळवाणा झाला की तो आपल्या पराक्रमाच्या गोष्टी सांगतो आणि प्रत्येक गोष्टीत एक संकटात सापडलेली सुंदर स्त्री असतेच. दहा-बारा वर्षांच्या पोराला कळतं की यातलं काहीही घडलेलं नाही. तरी तो मान डोलावतो, पुढे काय झालं विचारतो. एकदा मात्र क्रालेफ्स्की कुस्तीतली मर्दुमकी सांगून बसतात आणि मुलगा म्हणतो, मला शिकवा. परिणामी गुरुजी जमिनीवर आडवे, पाठ धरून. त्यानंतरही त्यांचं पितळ उघडं पाडण्याचा मोह पोरगा आवरतो. पुस्तकातल्या सगळ्या खोड्यांपेक्षा मला हे आवरणं जास्त आवडतं. ज्याच्या थापा घरात सांभाळून घेतल्या जातात, त्याला दुसऱ्याच्या थापा सांभाळून घेता येतात.

आणि तिसरा माणूस, खरा गुरू, थिओडोर स्टेफनिडीस. डॉक्टर, निसर्गअभ्यासक, दाढीवाला, लाजरा. पहिल्याच भेटीत तो या पोराशी समवयस्क विद्वानाशी बोलावं तसा अदबीने बोलतो. झाकणवाल्या कोळ्याच्या बिळावर दोघं ओणवे होऊन चर्चा करतात. दोनेक दिवसांनी पोराच्या नावाने एक पुडकं येतं. आत खिशात मावणारा सूक्ष्मदर्शक, सोबत एक नम्र पत्र. दर आठवड्याला या दोघांचा चहा ठरलेला. हे स्टेफनिडीस ग्रीक खरे, पण त्यांचा जन्म १८९६ चा, आपल्या मुंबईतला! अकरा वर्षांचे होईपर्यंत ते हिंदुस्थानात होते. कॉर्फूच्या डबक्यांतले सूक्ष्म जीव जगाला दाखवणारा माणूस मुंबईच्या पावसाळ्यात कुठल्या डबक्यापाशी पहिल्यांदा ओणवा झाला असेल, याचा विचार करत मी एकदा स्टेशन चुकवून पुढे गेलो.

खरं तर हे सगळं कुटुंबच इकडचं. आई लुईसा १८८६ साली रुरकीत जन्मली. लॅरी जालंधरचा. जेराल्डचा जन्म ७ जानेवारी १९२५ चा, जमशेदपूरचा. वडील तिथे इंजिनियर. ते १९२८ साली वारले तेव्हा धाकटा तीन वर्षांचा आणि लुईसा बेचाळीसची. जो देश तिचा कधीच नव्हता त्या इंग्लंडला ती चार मुलं घेऊन 'परत' गेली. हिंदुस्थानात खानसाम्यांकडून शिकलेली करी ती कुठेही गेली तरी शिजवत राहिली. पुढे चरित्रकारांनी लिहिलं आहे की नवऱ्यामागे ती खचली होती, एकटेपणात जिनचा आधार घेऊ लागली होती.

पुस्तकात यातलं काही नाही. वडील गेल्याचं दुःख नाही, आईची बाटली नाही. तिथे ती थोडी विसराळू, थोडी घाबरी, पण प्रत्येक नव्या जनावराला शेवटी घरात जागा देणारी बाई आहे. तरुणपणी हे पुस्तक वाचलं तेव्हा मी जेरीच्या पक्षात होतो आणि आई म्हणजे विनोदी पात्र वाटली होती. अलीकडे वाचताना डोळा सारखा तिच्याकडे जातो. पार्टीच्या दिवशी आंघोळीच्या टबात पाणसाप निघाल्यावर लेस्ली टॉवेल गुंडाळून बोंबलत बाहेर येतो, तेव्हा पाहुण्यांसमोर उभ्या त्या बाईचं काय झालं असेल? मॅगपायांनी लॅरीच्या खोलीत शिरून हस्तलिखितं फाडली, शाई सांडली, टाइपरायटरची रिबन उपसली, तेव्हा होतकरू लेखक आणि नाठाळ पक्षी या दोघांची समजूत काढायची कोणी? खोडी करायला अक्कल लागते, कल्पना लागते, मान्य. पण खोडी सहन करायला जे लागतं त्याचं नाव पुस्तकाच्या मुखपृष्ठावर येत नाही.

आता एक गंमत. हे पुस्तक आठवणींचं म्हणून ओळखलं जातं, पण पठ्ठ्याने त्यात भरपूर हात मारलेला आहे. पुस्तकात लॅरी घरात बसून सगळ्यांवर टोमणे मारत असतो. प्रत्यक्षात लॅरीचं, म्हणजे लॉरेन्स डरेलचं, लग्न झालेलं होतं आणि तो बायकोबरोबर, नॅन्सीबरोबर, बराच काळ कालामी नावाच्या खेड्यात समुद्राकाठी वेगळा राहत होता. जेराल्डने वहिनीला पुस्तकातून सरळ वगळलं! मराठी घरात असं पुस्तक निघालं असतं तर पुढच्या गणपतीला भाऊ आलाच नसता. पण थोरलाही काही कमी नाही. त्याने कॉर्फूवर 'प्रॉस्परोज सेल' लिहिलं, १९४५ साली, आणि त्यात आई आणि भावंडं औषधाला सापडली तर सापडतात. एकाच बेटावर, एकाच काळात दोन भाऊ राहिले आणि दोघांनी एकमेकांच्या घरची माणसं खोडरबराने पुसून टाकली. त्या मानाने दहाव्या वर्षी काडेपेटीत ठेवलेला विंचू ही खोडी किरकोळ म्हणायची. मोठी खोडी त्याने तिशी ओलांडल्यावर, कावीळ झाली असताना, बोर्नमथला बहिणीच्या घरी अंथरुणात बसून केली. पुस्तक १९५६ साली आलं आणि हातोहात खपलं.

हे कळल्यावर काही वाचक नाराज होतात. मी झालो नाही. नॅन्सीवर अन्याय झाला हे खरं, आणि तो नुसता 'विनोदासाठी' म्हणून सोडून द्यावा असंही मला वाटत नाही. पण पुस्तकातले विंचू, कोळी, कासवं, घुबडं यांच्याबाबत त्याने कुठे हात मारलेला दिसत नाही. किडा कसा चालतो, पिल्लू कसं चिकटतं, हे तो न्यायाधीशासमोर सांगावं तसं सांगतो. थापा फक्त माणसांबद्दल. प्रस्तावनेत तर तो तक्रार करतो की पुस्तक बेटावरच्या निसर्गाबद्दलच लिहायचं होतं, चुकून घरच्यांना पहिल्या पानांत येऊ दिलं आणि त्यांनी सगळी जागा बळकावली. आईने काय लिहायला लावलं, तर आपण विधवा आहोत हे स्पष्ट नमूद कर, नाही तर लोक भलतंच समजतील. चार मुलं आणि घरभर जनावरं सांभाळून तिला काळजी एवढीच.

हे पोरगं पुढे औपचारिक शिक्षण जवळपास न घेताच मोठं झालं. १९५९ साली त्याने जर्सी बेटावर स्वतःचं प्राणिसंग्रहालय काढलं, नामशेष होऊ घातलेले प्राणी वाढवून परत रानात सोडण्यासाठी. मॉरिशसचं गुलाबी कबूतर आज दिसतं त्यात त्या संस्थेचा मोठा वाटा आहे. आसामातल्या मानसच्या जंगलातून १९९६ साली पकडलेल्या मोजक्या पिग्मी हॉगपासून गुवाहाटीजवळ त्यांची वीण वाढवण्यात आली. फूटभरही उंची नसलेलं हे डुक्कर पुन्हा आसामच्या गवताळ रानांत सोडण्यात आलं. तेही काम डरेल यांच्या संस्थेने तिथल्या वनखात्याबरोबर केलेलं. जमशेदपूरला जन्मलेल्या पोराचं हिंदुस्थानाशी असलेलं देणं असं, तो १९९५ च्या जानेवारीत गेल्यानंतर, डुकरांच्या मार्फत फिटलं.

मुलांना वाढवण्याच्या पुस्तकांची हल्ली दुकानांत एक वेगळी फळी असते. त्यांतली एकही ओळ न वाचता लुईसा डरेलने जे केलं ते करून दाखवा, असं मी कोणालाच सांगणार नाही. तिच्याकडे नोकर होते, बाग होती, बेट होतं. आपल्याकडे वन बीएचके आणि खाली सोसायटीचे सेक्रेटरी. पण एवढं मात्र सुचवतो. तुमच्यापैकी कोणी आठवणी लिहायला बसला असेल तर फी, कंदील आणि गळकं छप्पर यांच्या जोडीला सोनपाखरूही येऊ द्या, आणि आई हयात असेल तर छापण्याआधी तिला वाचायला द्या. लुईसाने आपल्या मुलाचं पुस्तक वाचलं होतं. ते तिलाच अर्पण केलेलं आहे. ती म्हणे सांगायची, की यातलं पुष्कळसं घडलेलं नाही, पण वाचून वाचून आता मलाही ते खरंच घडलं असं वाटायला लागलंय.